एसी लावला की पट्टा किंचाळतो, बदलला तरी पुन्हा तेच

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची. तक्रार अशी की एसी चालू ठेवून नाशिकच्या द्वारकेच्या सिग्नलला उभं राहिलं, की बोनेटखालून ‘कुईंऽऽ’ असा आवाज यायचा. शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून सांगायचा, “साहेब, बेल्ट गेला.” सिग्नल सुटून गाडीनं वेग घेतला की आवाज बंद. एसी बंद केला तरी बंद.

रिक्षावाल्याचं ऐकून चौदा महिन्यांत एसीचा पट्टा तीनदा बदलला. पहिला काढला तो गाडीबरोबर आलेला होता, त्याचं वय झालंच होतं, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. नवा टाकला तो दोन महिन्यांत ओरडायला लागला. गॅरेजवाल्यानं टाइट करून दिला. तीन आठवडे शांतता, मग पुन्हा आवाज, पुन्हा टाइट. तिसऱ्यांदा पाना लागला तेव्हा किंचाळणं थांबलं, पण त्या जागी घरघर सुरू झाली. मे महिन्यातल्या एका दुपारी चांदोरीच्या अलीकडे पट्ट्याची एक कड सुटली आणि आतल्या आत फटाफट आपटायला लागली. त्यानंतर टाकलेला पट्टा लवकरच चिमणीसारखा चिवचिवायला लागला, तोही गेला.

एकही पट्टा मुळात खराब नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत. (आमचं सोमेश्वर गंगापूर रोडलाच आहे, बंब तिथं रिकामाच उभा होता म्हणायचा.) ज्यांची गाडी अशीच वारंवार ओरडते त्यांच्यासाठी, काय काय तपासलं आणि कुठे काय सापडलं, ते लिहून ठेवतो.

आधी आवाज कधी येतो ते लिहून काढा

गॅरेजला गेल्यावर गाडी हमखास गप्प बसते. म्हणून घरून निघतानाच कागदावर टिपून न्या: एसी चालू असताना येतो की बंद असतानाही, उभ्या गाडीला की चालत्या, सकाळी पहिल्या स्टार्टला की तासाभरानं, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर की एरवीही. निम्मं निदान इथंच होतं.

एसीचं बटण दाबताच ‘टक’ असा आवाज येतो, तो कॉम्प्रेसरच्या (एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) पुलीवरच्या चुंबकीय क्लचचा. पुली इंजिनाबरोबर सतत फिरत असते, पण कॉम्प्रेसर मात्र क्लच चिकटल्यावरच फिरतो. (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतल्या आत कमी-जास्त काम करतो. तिथं ही ‘टक’ शोधत बसू नका.) त्यामुळे आवाज ‘टक’नंतर येत असेल तर भार कॉम्प्रेसरचा आहे. एसी बंद असतानाही येत असेल, तर पुलीची बेअरिंग, आयडलर (ज्या मधल्या पुलीनं ताण कमी-जास्त करतात ती) किंवा पट्ट्याची रेषा यांच्याकडे बघायचं. थंडीत सकाळी पहिल्या दोन-चार सेकंदांपुरताच येत असेल तर बहुतेक एसीचा पट्टा नाहीच. थंडीत स्टार्ट करताना बॅटरी बरीच खर्च होते, स्टार्ट होताच ती चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर भार येतो आणि त्याचा पट्टा घसरतो. डिसेंबरात निफाडचा पारा खाली आला की आमच्याकडे हा प्रकार घरोघरी चालू असतो, आणि लोक त्यासाठी एसीचा पट्टा बदलून येतात.

तुमच्या गाडीत पट्टे किती, हेही बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत दोन असतात: एकावर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप, दुसऱ्यावर एसी, क्वचित पॉवर स्टिअरिंगही. माझ्या गाडीत एसीचा पट्टा एकटाच आहे, म्हणून चांदोरीहून तो कापून टाकून, घामाघूम होत का होईना, घरी येता आलं. सगळं एकाच लांब पट्ट्यावर असेल तर तो तुटल्यावर बॅटरीचा दिवा लागतो, काही गाड्यांत स्टिअरिंग जड होतं, आणि पाण्याचा पंप त्यावर असेल तर इंजिनाचं तापमान चढायला लागतं. तेव्हा “पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेतो” म्हणू नका. जागेवर बंद करा आणि टोइंग बोलवा. कसारा घाटात तर अजिबात नाही.

बोनेट उघडून हात घालायचा तर इंजिन बंद, चावी खिशात. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी आधी आवरून घ्या.

मला तीनदा कळलं नाही ते

माझ्याच टिपणात उत्तर होतं: फक्त उभ्या गाडीला, फक्त एसी चालू असताना, आणि ऊन जितकं जास्त तितका आवाज मोठा. वेग घेतला की गायब.

अंबडच्या एमआयडीसीत गाड्यांच्या एसीचं काम करणारे एक काका आहेत, छोटासा गाळा. त्यांना हे वाचून दाखवलं तर ते पट्ट्याकडे गेलेच नाहीत. आत जाऊन वर्तमानपत्राचं एक पान घेऊन आले.

“सर, इंजिन चालू करा, एसी फुल.”

पंखा सुरू झाल्यावर त्यांनी ते पान समोरच्या जाळीला लावलं आणि हात काढला. पान खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

“पंखा ओढतोय, पण वारा येतोय कुठून? पान चिकटायला पाहिजे.”

रेडिएटरच्या पुढे एसीची जाळी असते, कंडेन्सर. कॉम्प्रेसरनं दाबलेला गरम गॅस या जाळीतून जाताना बाहेरच्या हवेनं थंड होतो आणि त्याचा द्रव होतो. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा हे काम करतो. सिग्नलला उभी असते तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. जाळी तुंबलेली असली की उभ्या गाडीत गॅस थंड होत नाही, दाब चढत जातो, आणि त्या चढलेल्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसरला गॅस ढकलावा लागतो. चांगल्या परिस्थितीतही छोट्या गाडीचा कॉम्प्रेसर दोन-तीन किलोवॅट ताकद ओढतो. दाब चढला की पुली आणखी जड होते, पट्टा तिच्यावरून घसरतो आणि ओरडतो. गाडी निघाली, वारा लागला, दाब उतरला, पट्टा गप्प. म्हणजे द्वारकेला ऐकू येणारा आवाज खरं तर कंडेन्सरचा होता, फक्त पट्ट्याच्या तोंडून.

काकांनी गेज लावलं. बाहेर ३८-३९ अंश ऊन, गाडी उभी, हाय साइडचा (कॉम्प्रेसरनं दाबलेल्या गॅसच्या बाजूचा) काटा ३५० पीएसआयच्या पुढे. आर-१३४ए गॅसच्या गाडीत अशा उन्हात तो साधारण २०० ते २७५ च्या दरम्यान असावा. लो साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा, दाबही चढलेलाच. “गॅस कुणी टाकला?” त्यांनी विचारलं. टाकला होता, एका ठिकाणी, “थोडा जास्तच टाकतो, गारेगार होईल” असं म्हणून. गॅस जास्त झाला तरी दाब चढतोच. तुंबलेली जाळी आणि वर जादा गॅस, म्हणजे पट्ट्यावर दुहेरी ओझं. गॅस किती भरायचा ते बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. जुना गॅस मशिनमध्ये काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचा, वजन करून तेवढाच भरायचा. काटा बघून अंदाजानं ‘टॉप अप’ करून घेण्याची सवय सोडाच.

मग पुढचा बंपर उतरवला. कंडेन्सरचा समोरचा चेहरा बऱ्यापैकी स्वच्छ होता, नेहमीची धूळ आणि चार किडे. म्हणूनच आजवर कुणाला काही दिसलं नव्हतं. काकांनी रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट ढिले करून तो बोटभर मागे रेलवला आणि मधल्या फटीत टॉर्च मारला.

कांद्याची टरफलं. थरच्या थर. लालसर-सोनेरी, काही भुरभुरीत, काही पावसात भिजून, चिखलात मुरून, वहीच्या पुठ्ठ्यासारखी झालेली. माझी नोकरी लासलगावला. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत निफाडच्या पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागून रोज जावं लागतं, आणि ट्रॉलीवर झाकण नसलं की टरफलं रस्ताभर उडत असतात. ओव्हरटेकची संधी मिळेपर्यंत पाच-पाच मिनिटं त्यांच्या मागे. ती जाळीच्या कडेनं आत शिरतात, पंखा त्यांना ओढून कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे नेऊन बसवतो, आणि तिथून ती बाहेर पडत नाहीत.

काकांनी दोन ओंजळी भरून काढल्या. “कांदा कुठे ठेवला?” म्हणाले.

ही साफसफाई कशी करायची ते सांगतो, कारण यात नुकसान करून घेणं सोपं आहे. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं कंडेन्सर मारून घेऊ नका. अॅल्युमिनियमची ती पातळ पानं आडवी पडतात आणि वाट कायमची बंद होते. साधा बागेचा पाइप, हलका दाब, आणि पाणी शक्यतो इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, म्हणजे कचरा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत जातो. मऊ ब्रश फिरवायचा तो पानांच्या दिशेनं, आडवा नाही. टरफलं आधी हातानं किंवा पातळ काडीनं वेचून काढायची, नुसतं पाणी मारलं तर ती आणखी चिकटतात. हे सगळं इंजिन गार असताना.

साफ झाल्यावर वर्तमानपत्राचं तेच पान लावलं. थपकन बसलं, हात काढला तरी हललं नाही. गॅस वजनानं भरल्यावर हाय साइड २३० वर स्थिरावली. किंचाळणं त्या दिवशी बंद झालं ते आजपर्यंत.

तुम्ही आमच्यासारखे कांद्याच्या रस्त्यावर नसलात तरी हे होतं. द्राक्षाच्या भागात मातीची धूळ, एमआयडीसीत कापसासारखा तंतुमय कचरा, शहरात झाडाखाली लावलेल्या गाडीत फुलोरा. आणि पान पडलं म्हणजे जाळीच तुंबली असंही नाही. पंखाच सुरू होत नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले बघा. सुरू होतो पण मरगळल्यासारखा फिरतो, तर मोटरचे ब्रश झिजलेले असू शकतात. दोन वेगांचा पंखा असेल तर त्यातला एकच चालतोय का तेही पाहा.

किंचाळणं गेलं, चिवचिव राहिली

वाटलं, संपलं. पण एसी बंद असतानाही एक बारीक, लयीतली चिवचिव चालूच होती, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी. किंचाळणं आणि चिवचिव हे दोन वेगळे आजार आहेत, आणि ओळखायला पाण्याची एक सोपी चाचणी आहे.

पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईनं भोक पाडा. इंजिन चालू, हात लांब, आणि पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर बारीक धार एकदाच मारा. सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर पाणी जाऊ देऊ नका. पाणी लागताच आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा भार जास्त आहे. पाणी लागताच आवाज क्षणभर गेला आणि सुकल्यावर परत आला, तर पट्टा सरळ रेषेत धावत नाहीये. तो प्रत्येक फेरीला पुलीच्या खाचेत तिरका घुसतो आणि चिवचिवतो.

माझा गप्प झाला आणि अर्ध्या मिनिटात परत चिवचिवला. रेष चुकलेली.

पट्टा काढून पाहिला तर साक्ष होतीच: एका बाजूची कड दोऱ्यासारखी विस्कटलेली, खाचांमध्ये रबराच्या बारीक गोळ्या. आयडलर पुली हातात धरून फिरवली. खरखर. वर-खाली हलवली तर हलतेय. बेअरिंग गेली होती आणि पुली थोडीशी कलली होती. स्टीलची सरळ पट्टी कॉम्प्रेसरच्या पुलीच्या तोंडावर टेकवून आयडलरपर्यंत नेली, तर मधे फट. ३० सेंटिमीटरला दीड मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही असा ठोकताळा आहे. आमची फट डोळ्यांना दिसत होती.

बेअरिंग का गेली? कारण उघड आहे, आणि लाजिरवाणं आहे. कंडेन्सर तुंबल्यामुळे पट्टा घसरत होता आणि आम्ही दर वेळी तो टाइट करत होतो. तिसऱ्या वेळी इतका, की सगळा जोर आयडलरच्या बेअरिंगवर गेला. ती घरघर तिचीच होती. मग ती कलली, पट्टा तिरका धावला, कड सुटली. चांदोरीला जो पट्टा तुटला तो आम्हीच टाइट करून तोडला होता.

नवी आयडलर पुली घेताना जुनी बरोबर न्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पुल्यांत बेअरिंग बसवण्याची खोली वेगळी असू शकते, आणि मग नव्या पुलीनंच रेष चुकते. गॅस लीकसाठी कधी कॉम्प्रेसर खाली उतरवला असेल तर त्याचे बोल्टही पाहा. चारांऐवजी तीन लावलेले, किंवा एखादा वॉशर राहिलेला, अशी कामं कमी नाहीत.

बाकीच्या जागा, थोडक्यात

क्लचची प्लेट आणि पुली यांत फट जास्त झाली, किंवा क्लचच्या चुंबकाच्या कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळत नसेल, तर क्लचच घसरतो. आवाज पट्ट्यासारखाच, पण वास जळक्या ब्रेकसारखा आणि प्लेट निळसर पडलेली. फट बहुतेक गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. कॉइलच्या अर्थिंगला गंज असतो, तो आधी घासा.

इंजिन बंद ठेवून क्लचची पुढची प्लेट हातानं फिरवून बघा. एकसारखा थोडा विरोध जाणवला तर ठीक. अडकत असेल किंवा फिरतच नसेल तर कॉम्प्रेसर जाम झालाय, आणि त्यावर नवा पट्टा टाकणं म्हणजे धूर विकत घेणं. पट्टा काढल्यावर नुसती पुली फिरवा, ती आवाज न करता मोकळी फिरायला हवी. गुणगुणत असेल तर पुलीची बेअरिंग गेलीय. ती एकटीही मिळते, संपूर्ण कॉम्प्रेसर बदला म्हणणाऱ्याला दोनदा विचारा.

क्रँकची पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, हा सर्वांच्या नजरेतून सुटणारा भाग. बऱ्याच गाड्यांत ती दोन तुकड्यांची असते, आतला गाभा आणि बाहेरची कडी, मधे रबराचा थर. रबर सुटलं की बाहेरची कडी गाभ्यावर घसरते किंवा डुलते. पांढऱ्या रंगानं गाभ्यापासून कडीपर्यंत एक सरळ रेघ ओढा आणि आठवडाभर गाडी चालवा. रेघ तुटून तिची दोन टोकं वेगळ्या जागी दिसली, तर पुली गेली.

आणि तेल. इंजिनाच्या वरच्या गास्केटमधून किंवा क्रँकच्या सीलमधून गळणारं तेल पट्ट्यावर आलं की रबर फुगतं, मऊ पडतं. पट्टा बोटांना चिकट लागला तर आधी गळती बंद करा. पाण्याच्या पंपातून कूलंट उडत असेल तरी तेच.

साबणाची वडी, मेणबत्ती, पावडर, बाजारात मिळणारे पट्ट्याचे स्प्रे यांनी आवाज एखादा दिवस जातो. स्प्रेवर मग धूळ बसते आणि पुलीच्या खाचांत लुकण तयार होतं. मी साबण करून पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी फेसही आला आणि आवाजही.

पट्टा घेताना आणि बसवताना

पट्ट्याच्या पाठीवर आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ४पीके ८८०. म्हणजे चार धारा, पीके जातीचा, लांबी ८८० मिलिमीटर. ‘पीके’ म्हणजे दोन धारांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर. दुकानदार “८७५ पण बसतो, लावून टाका” म्हणेल. बसतो, पण मग टेन्शनर, म्हणजे ताण ठेवणारा भाग, एका टोकाला जातो आणि ताण ठेवायला जागा उरत नाही. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून किंवा कंपनीच्या पार्ट नंबरवरून नक्की करा, कारण जुन्या पट्ट्यावरचा आकडा आधीच्या कुणी चुकीचा टाकलेला असू शकतो. माझ्या गाडीत तसंच निघालं.

पट्टा झिजलाय का, हे बघायची जुनी पद्धत म्हणजे भेगा मोजायच्या. आताचे पट्टे ईपीडीएम रबराचे असतात, त्यांना सहजासहजी भेगा पडत नाहीत. ते टायरसारखे झिजतात: खाच रुंद आणि खोल होते, पट्टा पुलीत खाली बसतो आणि पकड जाते. वरून पाहिलं तर नवाकोरा. नखानं खाच चाचपा, शेजारी नवा पट्टा धरून तुलना करा. खाचेच्या भिंती काचेसारख्या चकाकत असतील तर तो घसरून भाजलेला आहे.

नवा घालण्याआधी सगळ्या पुल्यांच्या खाचा कोरड्या तारेच्या ब्रशनं साफ करा. खाचेत अडकलेला एक खडा पट्ट्याची एक अख्खी धार सोलून काढतो. घातल्यावर टॉर्च मारून प्रत्येक पुलीवर बघा, पट्टा एक खाच सोडून तर बसला नाही ना. चार धारांचा पट्टा तीन खाचांवर बसून चौथी धार हवेत, हे मी दुसऱ्याच्या गाडीत स्वतः पाहिलं आहे, आणि तो दोन दिवसांत गेला.

ताणासाठी आयडलरच्या मधला नट थोडा ढिला करायचा, अॅडजस्टरचा बोल्ट फिरवायचा, मग मधला नट घट्ट. दोन पुल्यांमधल्या लांब टप्प्यावर अंगठ्यानं जोर देऊन पट्टा किती दबतो ते मोजायचं. मॅन्युअलमध्ये साधारण १० किलोच्या जोराला किती मिलिमीटर, असं दिलेलं असतं. नव्या पट्ट्याचा आणि वापरलेल्याचा आकडा वेगळा असतो. पुस्तक हाताशी नसेल तर लांब टप्प्यावर पट्टा दोन बोटांत धरून पिळा. पाव वळसा, म्हणजे ९० अंश, जेमतेम गेला तर कामापुरता ठीक. सहज त्याहून जास्त गेला तर ढिला, निम्मापण जात नसेल तर बेअरिंगचा बळी द्याल. पाच मिनिटं इंजिन चालवून परत मोजा, कारण नवा पट्टा पहिल्या काही मिनिटांत बसतो. काहीशे किलोमीटरनंतर आणखी एकदा.

काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, पट्टा स्वतःच लवचिक असतो आणि ताणून चढवावा लागतो. तो स्क्रूड्रायव्हरनं कोचून चढवू नका, त्याचं वेगळं साधन असतं. तो एकदा काढला की परत वापरायचा नाही. ज्या गाड्यांत स्प्रिंगचा आपोआप टेन्शनर आहे तिथं पाना लावायची गरजच नाही. तिथं आवाज आला तर टेन्शनरचा हात थरथरतोय का ते इंजिन चालू असताना लांबून पाहा.

घाट चढताना आवाज आला तर एसी बंद करून खिडक्या उघडा. इगतपुरीच्या पावसात पट्टा भिजून दोन मिनिटं ओरडला आणि सुकल्यावर गप्प झाला, तर मात्र काही करू नका.

चौथा पट्टा आज दीड वर्षाचा आहे. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत दर महिन्याला जाळीत टॉर्च मारतो आणि वर्तमानपत्राचं पान लावून बघतो. शेजारच्या काकूंना वाटतं मी गाडीला पेपर वाचून दाखवतो. आता थंडीत सकाळी अल्टरनेटरचा दुसरा पट्टा दोन सेकंद ओरडतो. त्याचा आकडा लिहून घेतला आहे, पण रविवारी आधी बॅटरीचे टर्मिनल घासतो, पुल्यांवर पट्टी धरून बघतो, मग दुकानात जातो.